१८४८ : मिलानचा सिगार, बर्लिनचा सिगार

आज बोलायचंय सिगारविषयी. आपल्यापैकी बहुतेकांनी तो चर्चिलच्या फोटोत, नाहीतर जुन्या हिंदी सिनेमातल्या व्हिलनच्या तोंडातच पाहिला असेल. मी त्याची शिफारस करायला बसलेलो नाही. तंबाखू शरीराचं काय करते ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. एखादी गोष्ट आपण कुठे, कुणासमोर आणि कुठल्या परिस्थितीत घेतो, यावर तिची गोडी किती ठरते? घाटात पावसात उभं राहून खाल्लेलं कणीस घरी गॅसवर भाजलं की तसं लागत नाही, एवढं आपल्याला माहीत असतं. पण हा फरक किती टोकाला जाऊ शकतो? एका शहरात जी वस्तू तोंडात धरली की माणूस गद्दार ठरतो, तीच वस्तू दुसऱ्या शहरात तोंडात धरली की तो स्वतंत्र झालेला असतो, असं होऊ शकतं? १८४८ साली, अवघ्या अकरा आठवड्यांच्या अंतराने, युरोपात नेमकं असंच घडलं.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे तिला चिरूट म्हणतात आणि तो शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आलाय, म्हणजे गुंडाळलेलं. तंजावर-त्रिचीकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सांगायला नको. त्रिचीचे चिरूट साहेबलोकांमध्ये इतके प्रसिद्ध होते की शेरलॉक होम्स आपल्या पहिल्याच कादंबरीत नुसत्या राखेवरून ते ओळखतो. युरोपात मात्र सिगार पसरला स्पेनमधून. क्यूबा स्पेनच्या ताब्यात होतं आणि सेव्हिलला तंबाखूचा प्रचंड सरकारी कारखाना होता. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या युद्धात जे फ्रेंच आणि इंग्रज शिपाई स्पेनमध्ये लढले, ते परत जाताना ही सवय घेऊन गेले. त्याआधी उत्तर युरोपात मुख्यतः पाइप चाले. पाइप म्हणजे बैठकीचं काम : भरा, दाबा, पेटवा, विझला की पुन्हा पेटवा. सिगार खिशात टाकून चालता येतं. त्यात १८२७ पासून घासून पेटणाऱ्या काड्या बाजारात आल्या आणि धूम्रपान घरातून रस्त्यावर आलं. आजच्या आपल्या गोष्टीला हे फार महत्त्वाचं आहे, कारण रस्ता सरकारचा असतो.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. सिगार हे सावकाशीचं काम आहे. मोठा सिगार तासभरसुद्धा चालतो. घाईघाईने झुरके मारले की तो आतून तापतो आणि कडू होतो. वाऱ्यात धरला की एका बाजूने जळत जातो. म्हणजे शांत जागा आणि मोकळा वेळ नसेल, तर उत्तम पानसुद्धा वाया.

आता मिलानला जाऊ. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत लोंबार्दी आणि व्हेनिसचा मुलूख ऑस्ट्रियाच्या पदरात पडला. मिलानमध्ये ऑस्ट्रियाचं सैन्य, आणि त्याचा सेनापती फील्ड मार्शल राडेट्स्की, वय वर्षं ८१. ऑस्ट्रियात १७८४ पासून तंबाखू सरकारी मक्तेदारीत होती. इथेही तेच. तुम्ही इटालियन असा, ऑस्ट्रियन राज्याला मनातून शिव्या देत असा, पण सिगार पेटवलात की त्याचा पैसा व्हिएन्नाच्या तिजोरीत. त्याच पैशातून तुमच्या चौकातल्या शिपायाचा पगार.

१८४७ संपता संपता मिलानमध्ये एक विचार फिरू लागला : १ जानेवारीपासून कुणी धूम्रपान करायचं नाही, सरकारी लॉटरीही खेळायची नाही. ही कल्पना पाव्हियाचे प्राध्यापक जोव्हान्नी कान्तोनी यांच्या नावावर सांगितली जाते. डोळ्यांसमोर होतं बॉस्टन, जिथे १७७३ साली ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकला गेला होता. फरक एवढाच, की चहा एका रात्रीत बुडवता येतो. इथे प्रत्येकाने रोज, आपापल्या खिशात हात घालायचा आणि रिकामा बाहेर काढायचा.

आणि ते जमलं. १८४८ च्या पहिल्याच दिवशी रस्ते धुराविना होते. जो कुणी पेटवलेला दिसेल त्याला शिट्ट्या, टोमणे, कधी तोंडातला सिगार हिसकावून घेणं. यात सक्ती होती हे लपवायचं कारण नाही. एखाद्या हमालाला दिवसभराच्या कामानंतर एवढा एकच विसावा असेल, तर त्याच्या तोंडातून तो ओढून घेणारा तरुण बहुधा सुखवस्तू घरचा असणार, असं मला वाटतं. आपल्या १९०५ च्या बहिष्काराच्या वेळी स्वस्त विलायती धोतर नेसणाऱ्या गरिबाची अडचण अशीच झाली होती. बहिष्काराचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळली जाते.

ऑस्ट्रियन सैन्याने यावर जे उत्तर शोधलं ते मला आजही चक्रावून टाकतं. शिपायांना सिगार वाटले गेले आणि ते टोळ्या-टोळ्यांनी शहरात फिरू लागले. लोकांच्या तोंडावर धूर सोडायचा. काही जण तोंडात दोन-दोन सिगार धरून हिंडत होते, असं सांगतात. नगराध्यक्ष गाब्रिओ कासाती लोकांच्या बाजूने मध्ये पडले तर त्यांनाच धक्काबुक्की झाली. ३ जानेवारीला प्रकरण हाताबाहेर गेलं. लोकांनी हुर्यो केली, शिपायांनी शस्त्रं काढली, पाच-सहा माणसं मेली आणि पन्नासच्या आसपास जखमी झाली. मृतांमध्ये एक वृद्ध न्यायाधीशही होते.

आता त्या शिपायाचा विचार करा. त्यातले कितीतरी ऑस्ट्रियन नव्हतेच; हंगेरी, बोहेमिया, क्रोएशियातून आणलेली शेतकऱ्यांची पोरं ती. एरवी फुकट मिळालेला सिगार म्हणजे चैन. पण जानेवारीतली मिलानची थंडी, चहूकडून द्वेषाने बघणारे डोळे, आणि धूर जास्तीत जास्त दिसावा म्हणून भराभर मारलेले झुरके. म्हणजे सिगार तापलेला आणि कडू. अशा वेळी त्याला त्या पानाची काय चव लागली असेल? आणि पलीकडे, खिडकीआड उभा राहून तलफ दाबणारा मिलानकर. तीन दिवस न ओढलेल्या सिगारचा त्याला जो आनंद झाला असेल, तो ओढलेल्या कुठल्याही सिगारने दिला नसेल. माझ्या मते त्या आठवड्यात मिलानमध्ये सिगारचं सुख न ओढणाऱ्यांच्याच वाट्याला आलं.

अडीच महिन्यांनी, १८ ते २२ मार्च या पाच दिवसांत, मिलानने बॅरिकेड उभारून राडेट्स्कीला शहराबाहेर काढलं. ऑगस्टमध्ये तो परत आला, हे खरं. त्याच्या विजयासाठी योहान स्ट्राउस थोरल्याने जी मार्च रचली ती व्हिएन्नात नववर्षाच्या कार्यक्रमात अजून वाजते आणि लोक आनंदाने टाळ्यांचा ठेका धरतात. मिलानकरांना ती कशी ऐकू येत असेल, तो वेगळ्या भागाचा विषय.

पण १८ मार्च ही तारीख धरून ठेवा. मेटरनिख १३ तारखेला व्हिएन्नात पडला होता, ती बातमी सगळीकडे पोचली होती, आणि मिलानमध्ये बॅरिकेड उभे राहत होते त्याच दिवशी ते बर्लिनमध्येही उभे राहिले.

बर्लिनची तऱ्हा उलटी. प्रशियाच्या राजधानीत रस्त्यावर धूम्रपानाला बंदी होती. सरकारी कारण आगीचं. लाकडी घरं, गवताच्या गंज्या, ते समजण्यासारखं आहे. पण बंदी मोकळ्या टियरगार्टन बागेतही होती, आणि तिथे आगीपेक्षा शिस्तीचा प्रश्न जास्त होता. पहारेकऱ्यासमोरून कुणी धूर काढत जाणं म्हणजे राजाचा अपमान. गंमत म्हणजे, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा धुराने रोग दूर राहतो या समजुतीने बंदी सैल झाली, आणि साथ ओसरल्यावर पुन्हा आवळली. लोकांनी यातून काय बोध घेतला असेल? की सरकारला धूर चालतो, फक्त आपली मोकळीक चालत नाही. मग सिगार तिथे उदारमतवाद्यांची खूण बनला. पाइप ओढणारा घरी बसणारा, राजनिष्ठ; सिगारवाला नव्या विचारांचा. व्यंगचित्रांत तो तसाच दिसू लागला.

१८ मार्चच्या लढाईत बर्लिनमध्ये दोनशेहून अधिक नागरिक मेले. दुसऱ्या दिवशी राजा नमला, सैन्य मागे घ्यायचं ठरलं. राजवाड्यासमोर जमलेल्या गर्दीला सरदार फेलिक्स लिख्नोव्स्की हे सांगायला आला. त्याची गोष्ट बर्लिनमध्ये प्रसिद्ध आहे : सगळं मान्य झालं म्हटल्यावर गर्दीतून कुणीतरी तिथल्या खास बोलीत विचारलं, धूम्रपानसुद्धा? तो म्हणाला, हो, तेही. मग पुन्हा प्रश्न आला : टियरगार्टनमध्येसुद्धा? तिथेही, म्हणाला. यावर पुष्कळांनी हसून घेतलंय, की राज्यघटना मागायची सोडून हे लोक विडीकाडी मागतात. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. घटना म्हणजे काय हे त्या माणसाने कधी पाहिलेलं नव्हतं. पोलिसाने सिगार विझवायला लावणं मात्र त्याने रोज पाहिलेलं होतं. त्याने आपल्याला कळणाऱ्या मापाने क्रांती मोजली.

काही दिवसांतच बंदी अधिकृतपणे उठली. त्या वसंतात झाडांखाली, सगळ्यांदेखत पेटवलेला पहिला सिगार, मग तो कितीही हलक्या पानाचा असो, हॅम्बुर्गहून मागवलेल्या भारी मालाला मागे टाकणारा असणार. लिख्नोव्स्की सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या दंगलीत मारला गेला. नोव्हेंबरात सैन्य बर्लिनमध्ये परतलं, डिसेंबरात राजाने सभा विसर्जित केली. रस्त्यावर सिगार ओढायची मुभा मात्र टिकली. अर्थात टिकली म्हटल्यावर तिची अपूर्वाई गेली. दोन-चार वर्षांत तो पुन्हा नुसता सिगार झाला.

मिलानचं पुढे काय? इटलीच्या या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. सावरकरांनी केलेला माझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद १९०७ साली आला आणि नंतर सरकारने तो जप्त केला. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये मात्र इटलीवर एक अख्खं प्रकरण घालून विचारलं, की ऑस्ट्रियन गेले, पण सामान्य इटालियन माणसाला काय मिळालं? तंबाखूच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. १८५९ मध्ये लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या हातून सुटली, दोन वर्षांत इटलीचं राज्य झालं, आणि त्या राज्याने तंबाखूची मक्तेदारी तशीच पुढे चालवली. १८६८ साली तर ती एका खासगी कंपनीच्या हवाली केली आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. ज्याने १८४८ चा जानेवारी तलफ मारत काढला होता, त्याने पुढे त्याच गल्लीतल्या परवानाधारक दुकानातून आपल्या राजाचा सिगार घेतला. मिठाचा मक्ताही सरकारचाच होता, आणि तेही याच दुकानांतून विकलं जाई. वडाळ्याला किंवा शिरोड्याला १९३० मध्ये आपले लोक कशासाठी मार खात होते हे आठवून तिथल्या जुन्या दुकानांवरच्या पाट्या वाचाव्यात. काहींवर अजून लिहिलेलं दिसतं : मीठ आणि तंबाखू.