टेरेझीनमधील चित्रकलेचा तास

१/ प्राग शहरातील पिंकस सिनेगॉगमध्ये लहान मुलांची काही चित्रे मांडलेली आहेत. फुले, फुलपाखरे, डोंगर, घरातले जेवणाचे टेबल. आणि त्यांच्याच शेजारी तीन मजली लाकडी बाकांवर झोपलेली माणसे. नाझी राजवटीत टेरेझीनच्या छावणीत कोंडलेल्या ज्यू मुलांची ही चित्रे. पाहणाऱ्याला वाटते, मुलांनी मनातले दुःख आपसूक कागदावर उतरवले असावे. हे अर्धसत्य आहे. यांतील बरीचशी चित्रे म्हणजे वर्गात दिलेला अभ्यास आहे. त्या वर्गाला शिक्षिका होती आणि तिची शिकवण्याची एक निश्चित पद्धत होती.

२/ त्या शिक्षिकेचे नाव फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. शाळेत चित्रकला कशासाठी शिकवायची, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाने दिलेले उत्तर सरळ होते : कारखान्यांसाठी. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर इंग्लंडमध्ये साउथ केन्सिंग्टन पद्धत उभी राहिली. आधी सरळ रेषा, मग भूमिती, मग नमुन्याची हुबेहूब नक्कल, असा तिचा क्रम.

३/ ही पद्धत दूरवर पोहोचली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७० मध्ये सार्वजनिक शाळांत चित्रकला सक्तीची केली, तीही उद्योगांना कुशल हात मिळावेत म्हणून. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या आरंभीच्या शिक्षणावरही याच विचाराचा ठसा होता. मुलाच्या हाताला वळण लागत होते. त्याच्या मनात काय आहे, हे मात्र कोणी विचारत नव्हते.

४/ तो प्रश्न व्हिएन्नात विचारला गेला. फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये तेथे मुलांसाठी स्वतंत्र कलावर्ग सुरू केला. मूल म्हणजे अपुरा प्रौढ नव्हे, त्याच्या चित्राला स्वतःचे नियम असतात, ही त्यांची धारणा. नमुने उतरवून घेणे त्यांनी बाजूला सारले. इथून कलाशिक्षणात दोन टोके तयार झाली : एकीकडे शिस्त, दुसरीकडे स्वातंत्र्य.

५/ १८९८ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या फ्रीडल यांनी चिझेक यांच्याकडे काही काळ शिक्षण घेतले. पुढे योहानेस इटेन हे त्यांचे गुरू झाले आणि १९१९ मध्ये त्यांच्यापाठोपाठ त्या वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. इटेन यांच्या वर्गात आधी श्वास आणि लय, मग रेषा. प्रकाश-अंधार, खरखरीत-गुळगुळीत अशा विरोधांचा अभ्यास, तसेच जुन्या चित्रांच्या रचनेची चिकित्सा तेथे होत असे. म्हणजे शिस्त होती. पण ती नकलेची नव्हती, नीट पाहण्याची होती.

६/ १९३४ मध्ये कम्युनिस्ट कार्यामुळे ऑस्ट्रियात त्यांना अटक झाली. सुटकेनंतर त्या प्रागला आल्या आणि तेथील निर्वासित मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. त्यांच्या या कामात त्यांची विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर सोबत होती. पुढे अमेरिकेत कला-उपचार या शाखेचा पाया घालणाऱ्यांत क्रेमर यांचे नाव घेतले जाते.

७/ डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल आणि त्यांचे पती पावेल यांना टेरेझीनला पाठवण्यात आले. तेथे मुलांना रीतसर शालेय शिक्षण देण्यास मनाई होती. चित्रे काढणे आणि गाणी म्हणणे मात्र चालवून घेतले जाई. या फटीतून फ्रीडल यांनी आपला वर्ग उभा केला. तो प्रामुख्याने एल-४१० नावाच्या मुलींच्या वसतिगृहात भरत असे.

८/ कागद मिळेल तो : कार्यालयांतले छापील तक्ते, पाठकोरे कागद. अभ्यास मात्र इटेन यांच्या परंपरेतला. लयीवर रेषा ओढणे, समोरची वस्तू निरखून काढणे, कागदाचे तुकडे चिकटवून रचना साधणे, थोरांच्या चित्रांतील मांडणी समजून घेणे. म्हणूनच काही चिकटचित्रांत आकाशाच्या किंवा कुरणाच्या जागी छापील रकाने दिसतात. ती निव्वळ टंचाईची खूण नव्हे. हाती असलेल्या साहित्यातून रचना घडवण्याचा तो धडा आहे.

९/ जुलै १९४३ मध्ये त्यांनी छावणीतच मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले आणि बालचित्रकलेवर व्याख्यान दिले. सर्व मुलांना चित्रकार बनवणे हा या तासाचा हेतू नाही. मुलाची निरीक्षणशक्ती, कल्पना आणि स्वतंत्र वृत्ती जागी करणे हा आहे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. कारखान्याला हात पुरवणारे कलाशिक्षण यापासून किती दूर राहिले!

१०/ आणखी एक नियम होता : चित्रावर आपले नाव लिहायचे. माणसांना वाहतूक-क्रमांकाने ओळखणाऱ्या जागी ही साधी सवय फार मोठी ठरली. आज या सह्या आणि वाहतुकीच्या याद्या ताडून पाहूनच अनेक मुलांची ओळख व त्यांचा शेवट निश्चित करता येतो. वर्गातील शिस्तीचा एक नियम अशा रीतीने ऐतिहासिक पुरावा झाला.

११/ सप्टेंबर १९४४ अखेर पावेल यांना ऑश्वित्झला नेण्यात आले. फ्रीडल यांनी मागोमाग जाण्यासाठी स्वतःहून नाव दिले. ऑक्टोबरमध्ये ऑश्वित्झला त्यांची हत्या झाली. पावेल वाचले. फ्रीडल यांच्या वर्गातील बहुतेक मुले वाचली नाहीत. चित्रकलेने त्यांचे प्राण राखले, असे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१२/ मागे राहिल्या त्या दोन सुटकेस. त्यांत सुमारे ४,५०० चित्रे होती. युद्ध संपल्यावर ती प्रागला पोहोचली आणि आज तेथील ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांना केवळ निरागस मुलांचा आक्रोश म्हणून पाहिले, तर करुणा वाटते, पण दोन गोष्टी नजरेतून निसटतात : एका शिक्षिकेचे कौशल्य आणि मुलांनी मन लावून केलेला अभ्यास. ज्यांना उद्याची शाश्वती नव्हती, त्या मुलांनाही रेषा नीट ओढायला शिकवणे योग्य आहे, असे कोणीतरी मानले होते. चित्रांच्या कोपऱ्यातील सह्या त्याचीच साक्ष देतात.