मापाचा हिशेब : व्हेक्टर चित्रातल्या स्केलिंगची कुळकथा

व्हेक्टर चित्र म्हणजे बिंदूंचे निर्देशक आणि ते बिंदू कसे जोडायचे याचे नियम. अशा चित्रातला एखादा आकार दुप्पट करायचा तर वाटा दोन. प्रत्येक बिंदूच्या आकड्यांना दोनने गुणायचे आणि जुने आकडे टाकून द्यायचे; नाहीतर आकडे होते तसेच ठेवून ‘काढताना दोनने गुण’ एवढी सूचना आकाराला चिकटवायची. पहिल्या वाटेला डिस्ट्रक्टिव्ह, म्हणजे मूळ मोडणारे स्केलिंग म्हणतात. दुसरीला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह, मूळ राखणारे. पडद्यावर दोन्ही चित्रे बहुधा सारखीच दिसतात. फरक उघडा पडतो तो रेषेच्या जाडीत, गोलवलेल्या कोपऱ्यांत, किंवा केलेला बदल काही दिवसांनी मागे घ्यायची वेळ आली की.

या दोन्ही वाटांचा उगम एकाच ठिकाणी सापडतो. 1963 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीला सादर केलेल्या पीएचडीच्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम लिहिला. तो एमआयटीच्याच लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-2 या संगणकावर, प्रकाशलेखणीच्या साहाय्याने चाले. त्यात सुटी रेष ओढली तर तिच्या टोकांचे आकडेच साठत. पण एखादे चित्र ‘मास्टर’ ठरवून त्याच्या प्रती, म्हणजे ‘इन्स्टन्स’, हव्या तिथे मांडता येत. प्रत्येक प्रतीपाशी फक्त चार आकडे असत: दोन जागेचे, आणि दोन आकार व फिरवण मिळून. मास्टर बदलला की सगळ्या प्रती बदलत. षटकोनांची जाळी मास्टरमध्ये अर्धवर्तुळ घातल्याबरोबर माशाच्या खवल्यांची होई. चार आकड्यांची मर्यादाही उघड होती. प्रत लहानमोठी करता येई, फिरवता येई, पण नुसती रुंदीत ताणता येत नसे.

ती सोय मॅट्रिक्सने, म्हणजे आकड्यांच्या चौकटीने केली. मोबियस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये मांडलेले समघाती (होमोजिनियस) निर्देशक लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1965 मध्ये, लिंकन लॅबोरेटरीतच, संगणकचित्रांच्या कामाला लावले. त्यामुळे सरकवणे, फिरवणे, ताणणे, तिरके करणे ही सगळी कामे मॅट्रिक्सच्या एकाच प्रकारच्या गुणाकारात बसली. सपाट चित्राला सहा आकडे पुरतात. गटात गट, त्यात आणखी गट असला तरी त्या सगळ्यांच्या मॅट्रिक्सांचा गुणाकार करून शेवटी एकच मॅट्रिक्स उरते. मूळ राखणाऱ्या पद्धतीचा सगळा डोलारा आजही या सहा आकड्यांवर उभा आहे.

मूळ मोडण्याची खरी झळ बसते ती आकडे पूर्णांकात साठवले की. 1984 च्या मॅकिंटॉशमधली क्विकड्रॉ ही चित्रप्रणाली पूर्णांकी निर्देशकांवर चाले. अशा मोजणीत 7 वर असलेला बिंदू एक-दशांश केला तर 0.7 येतात, ते 1 म्हणून साठवले जातात, आणि दहापट करून परत आणला की बिंदू 10 वर जाऊन बसतो. जवळजवळचे दोन बिंदू एकमेकांत मिसळले तर ते पुन्हा वेगळे होतच नाहीत. पुढे दशांश अपूर्णांकात आकडे ठेवायला सुरुवात झाल्यावर ही झीज नजरेआड गेली. पण बिंदूंच्या आकड्यांत केलेला गुणाकार मागे काही खूण ठेवत नाही, हे तसेच राहिले.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबी कंपनीने 1984 मध्ये आणलेली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा दोन्ही पद्धतींच्या मधोमध उभी आहे, आणि या कुळकथेतला सर्वांत रंजक भाग तोच. पोस्टस्क्रिप्टमध्ये त्या क्षणी लागू असलेले एक मॅट्रिक्स असते. मार्गातला (पाथमधला) बिंदू सांगितला की तो तिथल्या तिथे गुणला जातो. रेषेच्या जाडीचा हिशेब मात्र उधार राहतो. रेष प्रत्यक्ष ओढायच्या क्षणी जे मॅट्रिक्स लागू असेल त्याने तो चुकता होतो. रुंदीला तिप्पट करणारे मॅट्रिक्स लावून 20 त्रिज्येचे वर्तुळ सांगितले तर 120 रुंद आणि 40 उंच लंबवर्तुळ तयार होते. त्याच मॅट्रिक्सखाली 2 जाडीची रेष ओढली तर डाव्या-उजव्या टोकांना ती 6 जाड होते, वर-खाली 2 च राहते. ओढण्याआधी जुने मॅट्रिक्स परत आणले तर सगळीकडे 2. आकार तोच, लेखणी वेगळी. जाणकार पोस्टस्क्रिप्टवाले ही युक्ती सर्रास वापरत.

1987 च्या इलस्ट्रेटर या चित्रप्रोग्रामने, याच कंपनीचा असूनही, मूळ मोडण्याची वाट धरली. ताणलेल्या मार्गाचे नवे आकडे थेट पानाच्या मापात लिहिले जातात. चित्रकाराच्या हातात बिंदू आणि त्यांचे दांडे (हँडल) असतात, त्यामुळे हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही: पॅनलवर 2 पॉइंट दिसतात तेव्हा छापूनही 2 पॉइंटच येतात. जाडीचे काय करायचे, हे मात्र सेटिंगमधल्या एका टिकमार्कवर सोपवावे लागले. 2000 च्या नवव्या आवृत्तीत मूळ आकडे न बदलता वरून लागू होणारे इफेक्ट आले आणि त्यांतल्या ‘ट्रान्सफॉर्म’ इफेक्टने मूळ राखणारे स्केलिंग मागच्या दाराने आत घेतले.

कॅनडातल्या ओटावाच्या कोरेल कंपनीचे कोरलड्रॉ 1989 मधले. त्यात ‘क्लिअर ट्रान्सफॉर्मेशन्स’ ही आज्ञा आहे. ताणलेला, फिरवलेला आकार ती मूळ रूपात परत आणते, म्हणजे आकार कसा बदलला याची नोंद प्रोग्रामपाशी असते. महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांच्या ओळखीचा मात्र त्यातला दुसराच टिकमार्क: ‘स्केल विथ इमेज’, नव्या आवृत्त्यांत ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’. तो लावायचा राहिला तर व्हिजिटिंग कार्डासाठी लहान केलेल्या लोगोची आउटलाइन होती तेवढीच जाड राहते आणि अक्षरे बुजतात; फ्लेक्ससाठी मोठा केला तर तीच आउटलाइन केसासारखी दिसते. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलला की भानगड निराळी. मग जाडी हा आकड्यांचाच भाग होतो, आणि रुंदीत ताणलेल्या देवनागरी अक्षराचा काना फुगतो, शिरोरेषा मात्र आधीइतकीच राहते.

वेबसाठी वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने 2001 मध्ये एसव्हीजी हे प्रमाण मंजूर केले. त्यात प्रत्येक आकाराला मॅट्रिक्स जोडता येते, पण जोडलेच पाहिजे असे नाही. दोन्ही वाटा खुल्या. 2003 पासूनच्या इंकस्केप या चित्रप्रोग्रामने म्हणून निवड वापरणाऱ्यावर सोडली आहे. ‘ऑप्टिमाइझ्ड’ पर्याय शक्य तिथे गुणाकार आकड्यांत जिरवतो, ‘प्रिझर्व्ह्ड’ मॅट्रिक्स जसेच्या तसे लिहितो. शक्य तिथे, कारण काही गोष्टी जिरतच नाहीत. एसव्हीजीचा आयत जागा, रुंदी, उंची आणि कोपऱ्यांच्या त्रिज्या एवढेच जाणतो. तो फिरवून मग रुंदीत ताणला तर काटकोन मोडतात आणि मॅट्रिक्स ठेवावेच लागते. जाडीसुद्धा एकाच आकड्यात बसवायची असते, म्हणून रुंदी-उंचीचे गुणक वेगळे असतील तेव्हा इंकस्केप त्यांचा भूमितीय मध्य घेतो: 4 आणि 1 असेल तर जाडी दुप्पट. ही तडजोडच आहे. पोस्टस्क्रिप्टची लंबवर्तुळी लेखणी तिथे हरवते.

राखलेल्या मॅट्रिक्सचा तोटा उलट बाजूने जाणवतो. गटात गट असले की फाइलमध्ये लिहिलेली जाडी आणि कागदावरची जाडी यांचा मेळ राहत नाही. कापणी यंत्राला किंवा प्लॉटरला शेवटी प्रत्यक्ष निर्देशकच लागतात, तेव्हा साचलेले सगळे गुणाकार कुठेतरी पुरे करावेच लागतात. नकाशांची गरज वेगळी होती: झूम केल्यावर रस्ता लांबावा, पण त्याची रेष जाड होऊ नये. 2008 च्या एसव्हीजी टायनी 1.2 मध्ये नेमका असा गुणधर्म आला. त्यात बिंदू मॅट्रिक्सने गुणले जातात आणि जाडी पडद्याच्या मापात मोजली जाते.