नरककल्पना, ख्रिस्ती

ख्रिस्ती श्रद्धेनुसार, पश्चात्ताप न करता मरण पावलेल्या पापी जिवाला प्राप्त होणारी ईश्वरवियोगाची व शिक्षेची अवस्था. हिंदू, बौद्ध व जैन परंपरांतही नरक आहेत; परंतु तेथील नरकवास कितीही दीर्घ असला, तरी कर्मफल भोगून झाल्यावर तो सामान्यतः संपतो व जीव पुन्हा जन्म घेतो. मध्वाचार्यांनी काही जीवांना सांगितलेला कायमचा अंधतमस हा अपवाद होय. ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहात मात्र नरकवास अनंतकालीन मानला गेला. मर्यादित आयुष्यात घडलेल्या पापाला अमर्याद शिक्षा देणारा ईश्वर न्यायी व प्रेममय कसा, हा प्रश्न त्यातूनच उद्‌भवला.

या कल्पनेचा उगम न्यायाच्याच मागणीत आहे. प्राचीन ज्यूंच्या शिओल या मृतलोकात सज्जन व दुर्जन दोघेही छायेप्रमाणे राहतात, असे मानले जाई. इ. स. पू. दुसऱ्या शतकात अँटायओकस चौथा याच्या छळात धर्मनिष्ठ लोक मारले गेले आणि छळ करणारे निर्धास्त राहिले. या लोकी न मिळालेला न्याय परलोकी मिळेल, ही आशा त्या काळात बळावली. दानीएलच्या ग्रंथात मृतांचे पुनरुत्थान होऊन काहींना सार्वकालिक जीवन, तर काहींना सार्वकालिक अप्रतिष्ठा लाभेल, असे सांगितले आहे. जेरूसलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यात एकेकाळी बालकांचे बळी दिले जात. यिर्मया संदेष्ट्याने धिक्कारलेल्या या खोऱ्याच्या नावावरूनच ‘गेहेन्ना’ हे शिक्षास्थानाचे नाव आले.

नव्या करारातही हा संदर्भ टिकून आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या वर्णनात भुकेल्यांना अन्न न देणारे व बंदिवानांची विचारपूस न करणारे शिक्षेस पात्र ठरतात. लूकच्या शुभवर्तमानातील धनवान मनुष्य दाराशी पडलेल्या लाजरसची उपेक्षा केल्यानंतर मृत्यूनंतर यातना भोगतो. या शिक्षेला मत्तयाने लावलेल्या ‘आयोनिओस’ या ग्रीक विशेषणाचा अर्थ ‘अनंत’ की ‘येणाऱ्या युगाचा’, याविषयी मतभेद आहेत.

ओरिजेन (सु. १८५–सु. २५४) याच्या मते ईश्वराची शिक्षा वैद्याच्या उपचारासारखी असून अखेरीस सर्व बुद्धिमान जीव ईश्वराकडे परततील. निसाचा ग्रेगरी यानेही असेच मत मांडले. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये ओरिजेनच्या मतांचा निषेध केला आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने त्याला पाखंडी लेखकांत गणले.

पश्चिमेत सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याचे मत प्रभावी ठरले. गुन्हा क्षणात घडला, म्हणून त्याची शिक्षा क्षणाचीच असावी, असे कोणताही मानवी कायदा मानत नाही, हा त्याचा युक्तिवाद. आदिपापामुळे सर्वच मानव दंडास पात्र असल्याने काहींचा उद्धार ही कृपा व इतरांचा दंड हा न्याय ठरतो, असे तो म्हणे. बाप्तिस्मा न झालेली अर्भकेही त्याने दंडितांतच, पण सर्वांत सौम्य शिक्षेस पात्र मानली. सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याने आणखी दोन कारणे दिली : अपराधाचे गांभीर्य ज्याचा अपराध केला त्याच्या थोरवीवर अवलंबून असल्याने अनंत ईश्वराविरुद्धच्या पापाची शिक्षाही अनंत होय; शिवाय मृत्यूनंतर इच्छाशक्ती बदलत नसल्याने पापी जीव पापातच स्थिर राहतो. अनंत शिक्षेचा सिद्धांत १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घोषित केला होता. क्षम्य पापांसाठी मानलेल्या शुद्धिस्थानाच्या कल्पनेने त्याची कठोरता काहीशी सौम्य झाली. प्रॉटेस्टंटांनी शुद्धिस्थान नाकारले, पण अनंत नरक कायम ठेवला.

ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ती संदेश पोहोचलाच नाही, त्यांच्याविषयी हा प्रश्न अधिक तीव्र होतो. गोव्याहून पूर्वेकडे गेलेल्या सेंट फ्रान्सिस झेव्हिअरने जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात जपानमधील नवख्रिस्त्यांचा शोक नोंदविला आहे. आपले मृत आईवडील व पूर्वज प्रार्थनेने किंवा दानधर्माने सुटतील काय, असे ते विचारीत. नरकातून सुटका नाही, हे ऐकून ते रडत. ईश्वराचा नियम सर्वांच्या अंतःकरणात असतो, असे झेव्हिअरचे उत्तर होते. मात्र त्यांच्या दुःखाने आपणही व्यथित झालो, असे त्याने नमूद केले.

एकोणिसाव्या शतकात हा आक्षेप चर्चच्या आतूनच पुढे आला. ‘अनंत’ या शब्दाचा अर्थ कालवाचक नाही, असे म्हटल्यामुळे एफ्. डी. मॉरिस यांना १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापकपद गमवावे लागले. मात्र दुष्टांनाही अखेर क्षमा मिळेल अशी आशा बाळगणे इंग्लंडच्या चर्चच्या अधिकृत मतांविरुद्ध नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने १८६४ मध्ये दिला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट व यहोवाचे साक्षीदार हे पंथ अनंत यातनांऐवजी दुष्टांचा कायमचा नाश मानतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमानास अपरिचित राहिलेल्या, पण सदसद्विवेकानुसार वागणाऱ्या व्यक्तींचेही तारण शक्य आहे, असे प्रतिपादिले. कॅथलिक चर्च आजही नरक अनंत मानते. परंतु १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात त्याचे वर्णन मनुष्याने स्वेच्छेने ईश्वरापासून स्वतःला वेगळे करून घेणे, असे केले आहे. या मांडणीमुळे वादाचा रोख शिक्षेच्या प्रमाणाकडून मानवी स्वातंत्र्याकडे वळला. अज्ञान, भय व दुर्बलता यांनी ग्रासलेल्या मनुष्याची निवड इतकी अंतिम मानता येईल काय, असे टीकाकार विचारतात. उलट, न्यायनिवाडाच नसेल, तर अन्याय सोसून मेलेल्यांना काय उत्तर द्यावयाचे, हा दानीएलच्या काळातील प्रश्न पुन्हा उभा राहतो.