हाफकिनची प्लेग लस आणि औषधांच्या दुष्परिणामांचा प्रश्न (१८९७–१९०७)

प्रस्तावना :
औषधांच्या दुष्परिणामांचा विचार प्रामुख्याने वैद्यकशास्त्राच्या कक्षेत केला जातो. तथापि कोणता त्रास सामान्य मानायचा, कोणता गंभीर, आणि त्याचा दोष औषधाला द्यायचा की ते तयार करणाऱ्या व देणाऱ्या हातांना, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकासही टाळता येत नाहीत. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेल्या प्लेग लसीचे पहिले दशक या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

ताप : दुष्परिणाम की खूण?
१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले. पुढच्याच महिन्यात हाफकिन तेथे आले व ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंपासून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. मात्रा होती १० घन सेंटिमीटर. पुढे सर्वसामान्यांना दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक. अपेक्षेप्रमाणे ताप चढला, टोचलेली जागा ठणकली आणि काही दिवसांत सर्व शमले. त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील सुमारे दीडशे कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न टोचलेल्या कैद्यांच्या तुलनेत त्यांच्यात प्लेगचे प्रमाण बरेच कमी आढळले.

हाफकिन यांच्या लेखी ताप हा लपविण्याजोगा दोष नव्हता. ताप किती चढतो यावरून लसीची मात्रा योग्य आहे की नाही, हे ते ठरवीत. आपल्याकडे आजही ‘ताप आला म्हणजे लस लागू पडली’ असे म्हटले जाते, त्याचा हा जुना शास्त्रीय भाऊबंदच म्हणावयास हवा. अर्थात ताप न आलेल्यास संरक्षण मिळाले नाही, असे आजचे शास्त्र मानीत नाही. शिवाय प्रयोगशाळेत ज्याला सौम्य प्रतिक्रिया म्हणतात, ती हातावर पोट असणाऱ्याच्या दृष्टीने दोन दिवसांची बुडालेली मजुरी असते. त्यातच पुण्यात प्लेग निवारणाच्या नावाखाली झालेली सक्ती आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला गोळीबार यांमुळे सरकारी औषधाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी आधीच कलुषित झाली होती. त्यांच्या अविश्वासाला केवळ अज्ञान म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

मुल्कोवालची बाटली :
१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तेथून लस दूरवरच्या प्रांतांत जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे एकोणीसही जण ‘५३-एन’ या एकाच क्रमांकाच्या बाटलीतून लस घेतलेले होते. उरलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाचे मर्म या क्रमांकात आहे. बाटलीचा क्रमांक नोंदलेला नसता, तर ‘प्लेगच्या लसीने माणसे मेली’ एवढेच उरले असते. क्रमांकामुळे दोष लसीच्या गुणधर्मात नसून एका बाटलीच्या दूषित होण्यात आहे, हे स्पष्ट झाले. ती बाटली दूषित कोठे झाली, हा मात्र वादाचा विषय ठरला. चौकशी आयोगाने बोट परळकडे दाखविले. कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेवर भिस्त ठेवण्याची नवी पद्धत हाफकिन यांनी स्वीकारली होती, तीही संशयास्पद मानली गेली. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना दुर्गंधी आली नव्हती. जंतू तिच्यात बरेच दिवस वाढले असते तर ती यावयास हवी होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला व तो नीट निर्जंतुक न करता बुचाला लावला गेला, ही बाबही पुढे आली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘द टाइम्स’मधून जाहीरपणे बाजू मांडल्यानंतर हाफकिन दोषमुक्त झाले व कलकत्त्यास कामावर परतले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

क्रमांकाचा रकाना :
१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगापुढे आलेले हे प्रकरणही दुष्परिणामाचे नव्हे, भेसळीचे होते. औषधाचा अंगभूत परिणाम आणि बाहेरून आलेला दोष हे रुग्णाच्या शरीरावर वेगळे दिसतीलच असे नाही. ते वेगळे करावे लागतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या नोंदपत्रकात औषधाच्या नावासोबत बॅच क्रमांकाचा रकाना आहे तो यासाठीच. परंतु मोताळ्यासारख्या ग्रामीण तालुक्यात रुग्ण पुष्कळदा पूर्ण पाकीट घेत नाही. गरजेपुरत्या चार गोळ्या कात्रीने कापून घेतो. क्रमांक पाकिटाच्या एका टोकाला छापलेला असतो आणि ते टोक दुकानातच राहते.