रबरी धांव : शर्यतीची आणि रोजच्या रस्त्याची

बैलगाडीच्या चाकावर लोहार जें लोखंडी कडें तापवून चढवितो, त्याला आपण ‘धांव’ म्हणतों. तें कडें पहिल्या दिवशीं जसें असतें तसेंच शेवटच्या दिवशींहि असतें; फरक पडतो तो केवळ झिजेचा. मोटारीच्या चाकावरील रबरी धांव, म्हणजे टायर, ही मात्र निराळ्या जातीची वस्तु आहे. ती उन्हानें व वेगानें तापते, थंडींत ताठर होते, आणि ज्या कामासाठीं घडविली त्याहून वेगळ्या कामाला लावली तर ऐन वेळीं दगा देते.

अलीकडे पुष्कळ तरुण आपली रोजची मोटार सुट्टीच्या दिवशीं शर्यतीच्या मार्गावर नेऊं लागले आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें, कोइमतूरला, आणि २०११ पासून दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडा येथें असे मार्ग आहेत. रविवारीं तेथें धांवलेली मोटार सोमवारीं कचेरीला न्यावयाची असते. मग प्रश्न पडतो कीं, दोन्ही कामांसाठीं टायर कोणता घ्यावा? हा प्रश्न दिसतो नवा. परंतु त्याचें मूळ सव्वाशें वर्षांपूर्वीच्या इतिहासांत आहे.

रबराला उष्णता व गंधक यांच्या योगानें टिकाऊ करण्याची युक्ति अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं सांपडली. १८४५ सालीं रॉबर्ट थॉमसन नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें हवा भरलेल्या चाकाचा हक्क नोंदविला. पण तेव्हां रस्त्यावर घोडागाड्याच होत्या, म्हणून ती कल्पना मागें पडली. पुढें १८८८ सालीं बेलफास्टमधील जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें तिला पुनर्जन्म दिला. निमित्त होतें त्याच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलचें. पण लोकांची खात्री पटली ती शर्यतीमुळें. १८८९ सालीं बेलफास्ट येथें विली ह्यूम हा सायकलपटु हवेचे टायर लावून उतरला, तेव्हां ते जाड टायर पाहून लोक हंसले. ह्यूमनें शर्यती जिंकल्यावर तें हंसें मावळलें.

मोटारीच्या बाबतींतहि हेंच घडलें. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दो व परत अशी सुमारें ११७८ किलोमीटरांची शर्यत झाली. एमिल लेव्हासोर हा भरीव रबराच्या धांवांवर अठ्ठेचाळीस तासांहून किंचित् अधिक वेळांत सर्वांच्या आधीं परत आला. त्याच शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेचे टायर लावलेली मोटार उतरविली होती. तिचे टायर वारंवार फुटले आणि ती ठरलेल्या मुदतींत पोंचूं शकली नाहीं. तरीहि भावी काळ तिचाच होता. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : त्या काळीं शर्यतीचा रस्ता व रोजचा रस्ता हे एकच होते. जो टायर शर्यतींत टिके, तोच प्रवासालाहि योग्य ठरे.

ही एकी मोडण्याचा आरंभ झाला तो १९०७ सालीं. त्या वर्षीं इंग्लंडांत वेब्रिजजवळ ब्रुकलंड्स येथें केवळ मोटारींसाठीं बांधलेला काँक्रीटचा शर्यतमार्ग खुला झाला. एका फेऱ्याची लांबी सुमारें पावणेतीन मैल होती आणि वळणांवर रस्ता भिंतीसारखा उंच उचललेला होता. उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत सेल्विन एज यानें तेथें नेपियर मोटार चोवीस तास हांकून ताशीं सुमारें ६६ मैलांची सरासरी गांठली. असा वेग तासन् तास टिकविणें रहदारीच्या रस्त्यावर शक्यच नव्हतें. साहजिकच टायरवर पडणारा ताणहि नव्या जातीचा होता. कित्येक हौशी लोक आपल्या मोटारींतूनच ब्रुकलंड्सला येत, शर्यत करीत, आणि त्याच मोटारींतून घरीं जात. आजच्या आपल्या तरुणांचे पूर्वज ते हेच.

याच मार्गावर १५ फेब्रुवारी १९१३ रोजीं पर्सी लँबर्ट यानें टॅल्बट मोटारींतून एका तासांत १०३ मैलांहून अधिक अंतर काटलें. तासाभरांत शंभर मैल ओलांडणारा तो जगांतील पहिला मनुष्य. पुढें दुसऱ्यांनीं त्याचा विक्रम मोडला. तो परत मिळविण्यासाठीं ३१ ऑक्टोबर १९१३ रोजीं तो पुन्हां उतरला असतां मोटारीचा मागील टायर फुटला आणि त्या अपघातांत त्याचा अंत झाला. यंत्र उत्तम होतें, हांकणारा निष्णात होता. पण मोटार व पृथ्वी यांच्यामध्यें जी हातभर रबराची पट्टी होती, ती तुटली. मोठ्या मोटारीचे चारहि टायर मिळून जमिनीला टेकतात ती जागा जेमतेम चार तळहातांएवढी असते. माणसाचा जीव त्या चार तळहातांवर असतो.

यानंतर टायर सुधारला तो दोन दिशांनीं. १९१० च्या सुमारास रबरांत काजळी मिसळूं लागले. त्यामुळें पूर्वींचा पांढुरका टायर काळा झाला व झिजेला पुष्कळच चिवट बनला. १९४६ सालीं मिशेलिन कंपनीनें रेडियल टायरचा हक्क नोंदविला आणि १९४९ पासून तो विक्रीस आणला. त्यांतील धागे आडवे, काटकोनांत असतात व वर पोलादी पट्टा असतो. त्यायोगें टायर कमी तापतो व अधिक दिवस चालतो. ही रोजच्या रस्त्याची दिशा. दुसरी दिशा शर्यतीची. १९७१ पासून फॉर्म्युला वन शर्यतींत नक्षी मुळींच नसलेले गुळगुळीत टायर आले. पोरांच्या पाटीसारखा सपाट टायर रस्त्याला अधिक धरतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. पण कारण सोपें आहे. रबर रस्त्याच्या खरबरीत कणांत शिरतें व त्यांना चिकटतें. जितकें रबर टेकेल तितकी पकड अधिक. नक्षी ही पकडीसाठीं नसून पाण्यासाठीं आहे. तिच्या खांचांतून पाणी बाहेर जातें. खांचा नसल्या, तर भर पावसांत टायर पाण्याच्या थरावर तरंगूं लागतो, आणि मग सुकाणूं व गतिरोधक दोन्ही निरुपयोगी होतात.

शिवाय शर्यतीचें मऊ रबर सुमारें ऐशीं ते शंभर अंश उष्णतेवर उत्तम काम करतें. गार असतां तें निसरडें असतें. उलट, रोजचा टायर शर्यतींत अति तापला कीं त्याच्या नक्षीचे ठोकळे लवतात, पृष्ठभाग लोण्यासारखा होतो व फोड येतात. ज्ञान कितीहि वाढलें तरी हा विरोध मिटत नाहीं. १९ जून २००५ रोजीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें फॉर्म्युला वनची शर्यत होती. तेथील उंचावलेल्या वळणावर आपले टायर टिकतील अशी हमी मिशेलिनला देतां येईना. तेव्हां वीसपैकीं चौदा मोटारी आरंभींच माघारीं गेल्या आणि केवळ सहा मोटारी धांवल्या. प्रेक्षक संतापले, पण चौदा जीव सुखरूप राहिले. लँबर्टच्या मरणानंतर ब्याण्णव वर्षांनीं माणसानें टायरची मर्यादा मान्य केली, हीहि प्रगतीच.

आतां बाजारांत दोहोंच्या मधले टायर मिळतात. त्यांवर खांचा असतात, पण थोड्या व उथळ. रबर मऊ असतें. अमेरिकन पद्धतींत टायरच्या अंगावर झिजेचा आंकडा छापतात. शर्यतमार्गाच्या हौशी टायरवर तो बहुधा २०० च्या आसपास असतो, तर लांबच्या प्रवासाच्या टायरवर ४०० किंवा अधिक. आंकडा लहान, तर पकड बहुधा अधिक व आयुष्य कमी. मात्र हा आंकडा कारखानदार स्वतःच ठरवितो. म्हणून दोन निरनिराळ्या कंपन्यांचे आंकडे शेजारीं ठेवून निर्णय करूं नये.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला विचारलें, “गुरुजी, टायर मधला घेतला म्हणजे काळजी मिटली ना?” मीं त्याला शाळेंतलेंच एक गणित घातलें. समजा, सकाळीं तीस अंशांवर टायरांत ३२ पौंड हवा आहे. वातावरणाचे सुमारें १५ पौंड मिळविले कीं ४७ झाले. शर्यतमार्गावर आंतील हवा नव्वद अंशांवर गेली, तर वायूच्या नियमाप्रमाणें दाब सुमारें एक पंचमांशानें वाढेल. मापकावर ४१ पौंड दिसतील. अनुभवी लोक तेव्हां हवा सोडून दाब ३४ वर आणतात, कारण फुगलेला टायर मध्यभागींच टेकतो. हें योग्यच. पण संध्याकाळीं तोच टायर थंड झाला कीं दाब किती उरेल? त्यानें कागदावर मांडून सांगितलें : “सव्वीस!” अशा अर्धपोटीं टायरवर चार माणसें व सामान घेऊन द्रुतगतिमार्गानें घरीं निघालें, तर टायरच्या बाजू सारख्या लवून तापतात आणि अखेर फुटतात. धोका शर्यतींत नव्हता, तो परतीच्या वाटेवर होता.

तेव्हां निवड कशी करावी? ज्याला परवडेल त्यानें चाकांचे दोन संच ठेवावेत. हाच खरा राजमार्ग. ज्याला एकच संच ठेवावयाचा असेल त्यानें आधीं रोजच्या रस्त्याचा विचार करावा. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. ज्या टायरच्या खांचा पाणी काढूं शकत नाहींत तो आषाढांत वापरूं नये. कायद्यानें मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपेक्षां कमी चालत नाहीं. पण शर्यतमार्गावर एका दिवसांत जेवढी झीज होते तेवढी रस्त्यावर कित्येक आठवड्यांत होत नाहीं, म्हणून प्रत्येक खेपेनंतर खोली मोजावी. टायरवर लिहिलेली भारक्षमता व वेगमर्यादा मोटारीच्या पुस्तकाशीं ताडून पाहावी. आणि घरीं निघण्यापूर्वीं, टायर निवाल्यावर, हवा पुन्हां भरावी.

शर्यतमार्गावर सर्व वाहनें एकाच दिशेनें जातात, प्रत्येकजण शिरस्त्राण घालून स्वखुशीनें आलेला असतो, आणि कडेला रुग्णवाहिका उभी असते. रस्त्यावर शाळेंतून परतणारीं मुलें असतात, सायकलवाले असतात, रस्ता ओलांडणाऱ्या वृद्ध बाया असतात. त्यांनीं कोणतीहि शर्यत पत्करलेली नाहीं. शर्यतींत टायरनें एखादा सेकंद गमावला तर हानि केवळ हौसेची; रस्त्यावर त्यानें दोन हात अंतर गमावलें तर ती दुसऱ्याच्या घरची हानि असते. म्हणून टायर निवडतांना पहिला हक्क रस्त्याचा, आणि दुसरा शर्यतीचा.