न दिसणारी छिद्रे

वरच्या वर्गांना मानवी शरीर शिकवायचे म्हणजे आधी संस्थांची नावे पाठ करून घ्यावी लागतात. मराठी शाळेत पचनसंस्था, श्वसनसंस्था, मज्जासंस्था म्हणतात. आमच्या उर्दू शाळेत निजामे-हज्म, निजामे-तनफ्फुस, निजामे-आसाब. निजाम म्हणजे व्यवस्था. आमचा भाग मराठवाड्यातला असल्याने हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावरून हमखास हैदराबादची आठवण निघते आणि ती अगदीच गैरलागू नाही. हैदराबादेत 1846 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत शिक्षण उर्दूतून होत असे. पुढे 1917 साली तेथे दारुत्तर्जुमा स्थापन झाले आणि शास्त्रीय विषयांची उर्दू परिभाषा घडवण्याचे मोठे काम त्याने केले. पण शरीराविषयीचे काही शब्द त्याहून कितीतरी जुने आहेत. रोहिणीला आम्ही शिरयान म्हणतो, नीलेला वरीद. हे शब्द बगदाद, दमास्कस, काहिरा अशी वाट चालून आमच्या फळ्यापर्यंत आले आहेत.

काही वर्षांपूर्वी रक्ताभिसरणाच्या पाठात विल्यम हार्वेचे नाव आले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, यात आपलं कोणीच नाही का?" त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. नंतर एका पुस्तिकेत वाचून आम्ही विज्ञान प्रदर्शनासाठी मोठा फलक रंगवून घेतला : 'रक्ताभिसरणाचा शोध हार्वेच्या चारशे वर्षे आधी इब्नुन नफीस यांनी लावला.' फलक सर्वांना आवडला. पाहुण्यांनी त्याचा भाषणात उल्लेख केला. आम्हीही खूश होतो. पुढे या विषयावर थोडे नीट वाचन घडले तेव्हा लक्षात आले की आम्ही मुलांना अर्धवट खरे सांगितले आहे. ती चूक दुरुस्त करावी म्हणून हा लेख.

मुळात शरीराच्या व्यवस्थांचे जे चित्र दीड हजार वर्षे जगाने मान्य केले ते ग्रीक वैद्य गॅलेनचे. आमचे हकीम त्याला जालीनूस म्हणतात. इसवी सन 129 मध्ये पर्गामम येथे त्याचा जन्म झाला. त्याच्या मते अन्नाचे रक्त यकृतात तयार होते आणि नीलांतून सगळ्या अंगात जाते. तेथे ते वापरले जाऊन संपते, परत फिरत नाही. पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यात सोडावे आणि ते जमिनीने पिऊन टाकावे, तसा हा प्रकार. यातले थोडे रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात झिरपते, हवेशी मिसळून त्यात प्राणतत्त्व येते आणि रोहिण्या ते शरीराला पुरवतात. मेंदूत आणखी सूक्ष्म तत्त्व तयार होऊन ते मज्जातंतूंतून वाहते. यकृत, हृदय, मेंदू अशी ही तीन राजधान्यांची मांडणी होती. दिसायला ती फार सुबक होती, मात्र एका ठिकाणी अडत होती. दोन कप्प्यांमधला पडदा जाड स्नायूचा आहे, मग रक्त पलीकडे जाणार कसे? जालीनूसने सांगितले की पडद्यात बारीक छिद्रे आहेत, पण ती डोळ्यांना दिसत नाहीत.

ही न दिसणारी छिद्रे हजार वर्षे कोणी बुजवली नाहीत.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन बिन इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने व त्याच्या सहकाऱ्यांनी जालीनूसचे ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत आणले. (पुस्तिकांमधून 'मुस्लिम विज्ञान' म्हणताना हुनैनचा धर्म सांगायचे राहून जाते, आमच्याकडूनही राहिले होते.) त्यानंतर जालीनूसवर शंका घेणे सोपे नव्हते, तरी अल-राझीने 'शुकूक' म्हणजे शंका याच नावाचा ग्रंथ त्याच्यावर लिहिला. इब्न सीनाच्या 'कानून'ने मात्र जालीनूसची इमारत इतकी पक्की केली की पुढच्यांना आता दोघांशी सामना होता.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1200 ते 1202 या काळात इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. अब्दुल लतीफ बगदादी हा हकीम तेव्हा तेथे होता. काहिराजवळ अल-मक्स येथे मृतांच्या सांगाड्यांचा ढीग पडलेला आहे असे कळल्यावर तो पाहायला गेला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असून हनुवटीपाशी जोडलेला असतो, असे जालीनूसने लिहिले होते. बगदादीने कवट्या पाहिल्या. एक नाही, दहा नाही, स्वतः आणि इतरांकडून मिळून दोन हजारांहून अधिक. जबडा प्रत्येक वेळी एकाच हाडाचा निघाला. जालीनूस कितीही थोर असला तरी आपल्या डोळ्यांची साक्ष अधिक खरी, असा निष्कर्ष त्याने नोंदवला. आम्हाला या कामाचे मोल फार वाटते. दुष्काळात मेलेल्या अनाम माणसांच्या हाडांनी एक चूक दुरुस्त केली.

अलाउद्दीन इब्नुन नफीस याच तेराव्या शतकातला. जन्म सुमारे 1210 चा, दमास्कस परिसरातला. नूरुद्दीन झंगीने बांधलेल्या तेथील नूरी इस्पितळात तो वैद्यक शिकला, मग काहिराला गेला आणि तेथेच त्याचे आयुष्य गेले. वैद्यकाइतकाच तो फिक्हचाही अभ्यासक होता. त्याच्याविषयी चरित्रकार सांगतात की हमामात अंघोळ अर्धवट टाकून तो बाहेर आला, कागद-दौत मागवली, नाडीवर प्रबंध लिहून पुरा केला आणि पुन्हा अंघोळीला गेला. खरे-खोटे अल्लाहच जाणे, पण माणूस कसा असावा हे त्यावरून कळते.

त्याने 'कानून'मधील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. त्याची एक प्रत 1242 सालची आहे. त्यात त्याने स्पष्ट म्हटले की दोन कप्प्यांमधला पडदा घट्ट आहे, त्यात दिसणारी छिद्रे नाहीत आणि जालीनूस म्हणतो तशी न दिसणारीही नाहीत. मग उजव्या कप्प्यातले रक्त जाते कुठे? ते वरीदे-शिरयानीतून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि शिरयाने-वरीदीतून डाव्या कप्प्यात येते. ही दोन नावे मुलांना उलटसुलट वाटतात, आम्हालाही वाटायची. पण त्यात जुन्यांचे निरीक्षण आहे. जी वाहिनी त्यांच्या हिशेबाने नीला ठरते तिची भिंत रोहिणीसारखी जाड, आणि जी रोहिणी ठरते तिची भिंत नीलेसारखी पातळ. म्हणून 'रोहिणीसारखी नीला' आणि 'नीलेसारखी रोहिणी'. फुप्फुसातील या दोन वाहिन्यांच्या मधे बारीक मार्ग असले पाहिजेत, हेही त्याने तर्काने सांगितले. ते मार्ग म्हणजे केशवाहिन्या. मार्चेल्लो माल्पिघीने त्या सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या त्या 1661 साली. हृदयाला तीन कप्पे असल्याचे इब्न सीनाचे मतही त्याने खोडून काढले. आणि हृदयाचे पोषण कप्प्यातल्या रक्ताने होत नाही, हृदयाच्या अंगातच असलेल्या वाहिन्यांनी होते, हे त्याचे म्हणणे आज हृदयविकाराचा झटका म्हणजे काय हे शिकवताना हटकून आठवते.

आता आमच्या फलकातली चूक. इब्नुन नफीसने सांगितली ती हृदयापासून फुप्फुसात जाऊन परत हृदयात येणारी एक फेरी. उरलेल्या शरीराच्या बाबतीत तो जालीनूसचाच होता. रक्त यकृतात तयार होते आणि अवयवांत खर्ची पडते, हेच त्याने मानले. सगळे रक्त वर्तुळाकार फिरते ही कल्पना हार्वेची, 1628 ची. हार्वेने साधा हिशेब मांडला : हृदय प्रत्येक ठोक्याला जेवढे रक्त बाहेर टाकते ते अर्ध्या तासाचे मोजले तरी अंगातल्या एकूण रक्ताहून अधिक भरते. मग एवढे रक्त यकृत रोज कुठून आणणार? ते फिरून तेच येत असले पाहिजे. हा हिशेब आमच्या हकिमाने केला नव्हता. त्याला जे श्रेय नाही ते देऊन आम्ही त्याचा मान वाढवला नाही, उलट जे त्याचे खरोखर आहे त्यावरही संशय घ्यायला जागा करून दिली.

दुसरी चूक अधिक अवघड आहे. तो शोध पुढे वापरला गेला, असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्याचे जे पुस्तक सर्वात खपले ते 'मूजज', म्हणजे कानूनचा सारांश. त्यावर भाष्ये झाली, हिंदुस्थानच्या युनानी शिक्षणातही ते पिढ्यान्‌पिढ्या चालले. आणि या सारांशात शरीररचनेचा भागच त्याने घेतलेला नाही! ज्या पुस्तकाने त्याला घरोघर नेले त्यात त्याचा शोध नव्हता. बहुसंख्य हकीम जालीनूसची छिद्रे शिकवीत राहिले.

ज्ञान थांबले होते असे मात्र नव्हे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराझच्या मन्सूर बिन इलियासने तैमूरच्या नातवाला अर्पण केलेला 'तश्रीहे-मन्सूरी' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात शरीर संस्थांनुसार उलगडले आहे. हाडे, मज्जातंतू, स्नायू, नीला, रोहिण्या यांची वेगवेगळी, पाय फाकवून बसलेल्या माणसाची रंगीत पूर्णचित्रे आणि शिवाय एका गर्भवतीचे. आमच्या प्रयोगशाळेतल्या तक्त्यांचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही. 1488 साली नकललेली एक प्रत आज अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयात आहे.

युरोपात फुप्फुसाची फेरी मायकेल सर्व्हेटसने 1553 साली छापली, तीही एका धर्मविषयक ग्रंथात. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला पाखंडाच्या आरोपावरून जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. 1559 मध्ये रेआल्डो कोलंबोने ती पुन्हा मांडली. यांना इब्नुन नफीस माहीत होता काय? दमास्कसमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या अँड्रेआ अल्पागोने त्याच्या लेखनाचा काही भाग लॅटिनमध्ये आणला होता आणि तो 1547 साली व्हेनिसमध्ये छापला गेला. पण तो भाग औषधांचा होता. फुप्फुसाविषयीचे पान कोणाच्या हाती लागल्याचा पुरावा नाही. 'त्यांनी आपल्याकडून चोरले' हे वाक्य सभांमध्ये टाळ्या घेते; आम्ही ते वापरायचे सोडले.

शेवटी 1924 साली मुहियुद्दीन ततावी या इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीत फ्रायबुर्ग विद्यापीठात प्रबंध सादर केला. बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखितात त्याला ते पान सापडले होते. प्रबंध छापलाही गेला नाही. काहिराला राहणाऱ्या मॅक्स मायरहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने त्याची दखल घेतली म्हणून जगाला कळले. काहिरात लिहिलेले वाचायला काहिराच्या मुलाला बर्लिनला जावे लागले. इब्नुन नफीसने 1288 मध्ये मरताना आपले घर आणि ग्रंथसंग्रह काहिराच्या मन्सूरी इस्पितळाला देऊन टाकला होता, तरीही. शेवटच्या आजारात हकिमांनी औषध म्हणून दारू देऊ केली, तर ती पोटात घेऊन अल्लाहसमोर जाणार नाही असे तो म्हणाला, हे चरित्रकारांनी नेमके लक्षात ठेवले. पडद्यातली छिद्रे बुजवल्याचे फारसे कोणी लक्षात ठेवले नाही.

फलक आम्ही गेल्या प्रदर्शनाआधी बदलून घेतला. 'फुप्फुसातून होणाऱ्या रक्ताच्या फेरीचे पहिले ज्ञात लेखी वर्णन : इब्नुन नफीस, 1242. संपूर्ण रक्ताभिसरणाचा सिद्धांत : विल्यम हार्वे, 1628.' पेंटर अक्षरांवर पैसे घेतो. त्याने मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाला, "सर, आधीचं वाक्य लहान होतं. लांबून वाचता यायचं."