वळिवड्याच्या पाहुण्या

मिरजेहून रेल्वेनं कोल्हापूरला जाताना वळिवडं लागतं. दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलंच. सोव्हिएत राजवटीनं त्यांना सैबेरियात हाकललं होतं. तिथून ते इराणमार्गे आले. आजारी मुलांना हवापालटासाठी आपल्या पाचगणीला आणत.

जामनगरजवळच्या बालाचडी छावणीतल्या अशाच मुलांवर ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट २०१३ साली निघाला. तेव्हाची मुलं त्यात म्हातारपणी आठवणी सांगतात.

ते ऐकताना आम्हाला कोयना धरणात गाव बुडालेल्या आमच्या आज्या आठवल्या. चूल उचलून त्या कुठं, कशा गेल्या, हे आम्ही कधी विचारलंच नाही. गटाच्या पुढच्या बैठकीला अशा एका आजीला बोलावूया. तिचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवूया.